ओस पडलेली अस्थिमज्जा : ॲप्लास्टिक ॲनिमियाचा इतिहास

ॲप्लास्टिक ॲनिमियाचे पहिले वर्णन १८८८ सालचे आहे. बर्लिनमधील पाउल एर्लिख या चौतिशीतल्या डॉक्टरने एका गरोदर तरुणीच्या आजाराची हकिकत प्रसिद्ध केली. ही तरुणी बघता बघता पांढरीफटक पडली, अंगातून रक्त जाऊ लागले, ताप चढला आणि त्यातच तिचा मृत्यू झाला. रक्तक्षयाने माणसे दगावणे त्या काळी नवे नव्हते. एर्लिखला नवे वाटले ते शवविच्छेदनात दिसलेले दृश्य. रक्त फार कमी झाले की शरीर ते भरून काढण्याची शिकस्त करते. मांडीच्या हाडातली एरवी पिवळी, चरबीने भरलेली मज्जासुद्धा अशा वेळी लाल होते आणि रक्तपेशी बनवू लागते. या तरुणीच्या मांडीच्या हाडात मात्र मज्जा पिवळीच होती. अंगातले रक्त संपत चालले असताना ते बनवणारी जागा कामच करत नव्हती. एर्लिखने रोगाचे मूळ मज्जेत शोधले आणि पुढच्या सगळ्या संशोधनाची दिशा तिथे ठरली.

हे निदान सुचायला आधीच्या वीस वर्षांतले काम कारणीभूत होते. रक्तपेशी हाडांच्या आत तयार होतात ही गोष्ट १८६८ साली पुढे आली. क्योनिग्सबर्गचे अर्न्स्ट नॉयमान आणि इटलीतील जूलिओ बिझोझेरो या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ती दाखवून दिली. एर्लिखने स्वतः ॲनिलिन रंग वापरून रक्तपेशी रंगवण्याची आणि त्यांचे प्रकार वेगवेगळे ओळखण्याची पद्धत घडवली होती. पेशी ओळखता येऊ लागल्या, म्हणूनच त्यांची अनुपस्थितीही ओळखता आली.

निरोगी प्रौढ माणसाची मज्जा दिवसाला सुमारे २०० अब्ज तांबड्या पेशी तयार करते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, आणि जंतूंशी लढणारी न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी रक्तात दिवसभरही टिकत नाही. त्यामुळे मज्जा थांबली की न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट आधी संपतात, हिमोग्लोबिन सावकाश उतरते. रुग्ण दवाखान्यात येतो तो बहुधा हिरड्यांतून रक्त येते, घोळणा फुटतो, पायांवर बारीक लाल ठिपके उठतात, मार न लागता काळेनिळे डाग पडतात किंवा ताप हटत नाही अशा तक्रारी घेऊन. थकवा आणि धाप असतेच, पण माणूस जातो तो मुख्यतः जंतुसंसर्गाने किंवा मेंदूतल्या रक्तस्रावाने. ‘ॲप्लास्टिक ॲनिमिया’ हे नाव १९०४ मध्ये पॅरिसच्या आनातोल शोफार यांच्या लेखनातून रूढ झाले. तोवर रोगाला नाव नव्हते, आणि नाव मिळाल्यावरही पुढची साठ वर्षे उपाय नव्हता.

आधी प्रश्न होता निदानाचाच. एर्लिखने जे पाहिले ते मृत्यूनंतर. जिवंत माणसाची मज्जा पाहण्यासाठी इटलीचे जोव्हान्नी गेदिनी यांनी १९०८ मध्ये नडगीच्या हाडाला छिद्र पाडून नमुना घेतला, तर १९२७ च्या सुमारास लेनिनग्राडच्या मिखाईल अरिंकिन यांनी छातीच्या मधल्या हाडात सुई घालून मज्जा ओढून घेण्याची सोपी रीत सुरू केली. जमशिदी सुईचे नाव आज प्रत्येक रक्तविकार विभागात ऐकू येते; ती १९७१ ची. कंबरेच्या मागच्या हाडाची जागा बधिर करून ही पोकळ सुई फिरवत आत नेतात आणि हाडाची दीड-दोन सेंटिमीटर लांबीची बारीक कांडी बाहेर काढतात. निरोगी प्रौढाच्या कांडीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर जवळपास निम्मी जागा पेशींच्या दाट, जांभळ्या गर्दीने भरलेली असते आणि निम्मी चरबीने. ॲप्लास्टिक ॲनिमियात तीच कांडी चरबीच्या गोल, पांढऱ्या, रिकाम्या घरांनी भरलेली दिसते. मधूनमधून एखादी लिम्फोसाइट, एखादी प्लाझ्मा पेशी, बाकी काही नाही. मज्जेत कर्करोगाच्या पेशी नाहीत, तंतूंचे जाळे नाही, फक्त जिथे गर्दी असायला हवी तिथे कोणी नाही. निदान याच रिकामेपणावर होते.

हा काप पाहिल्याशिवाय निदान करू नये, याला भारतात खास कारण आहे. तिन्ही प्रकारच्या पेशी कमी होण्यामागे आपल्याकडे वारंवार सापडणारे कारण म्हणजे ब-१२ किंवा फॉलिक ॲसिडची कमतरता. त्या रुग्णांची मज्जा ओस नसते, उलट पेशींनी खच्चून भरलेली असते. पेशी पक्व होत नाहीत एवढेच. ल्यूसी विल्स यांनी १९२८ पासून मुंबईत, हाफकिन संस्थेत राहून गरोदर स्त्रियांच्या ज्या रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि जो मार्माइट या यीस्टच्या अर्काने बरा होतो असे १९३१ मध्ये दाखवले, तो या जातीचा. दोन्ही आजारांचे रिपोर्ट वरवर सारखे दिसतात. एक काही आठवड्यांच्या साध्या औषधाने बरा होतो, दुसऱ्यात एकेक दिवस मोलाचा असतो.

कारण शोधताना नजर प्रथम बाहेर गेली, आणि ते स्वाभाविक होते, कारण बाहेरचे गुन्हेगार खरोखर सापडत होते. १८९७ मध्ये स्वीडनचे औषधशास्त्रज्ञ कार्ल गुस्ताफ सांतेसन यांनी उप्साला येथील सायकलच्या टायरांच्या कारखान्यातील तरुण कामगार स्त्रियांच्या आजाराची नोंद केली. अंगावर जांभळे डाग, नाका-तोंडातून रक्त, आणि त्यांपैकी चौघींचा मृत्यू. रबर विरघळवण्यासाठी तिथे बेंझिन वापरत होते. सायकल ही त्या काळची नवी हौस होती आणि तिची किंमत या मुलींनी मोजली. अमेरिकेत १९१० मध्ये जॉन्स हॉपकिन्सचे लॉरेन्स सेलिंग यांना बाल्टिमोरच्या डबे बनवण्याच्या कारखान्यातल्या कोवळ्या वयाच्या मुलींमध्ये हेच आढळले. सेलिंग यांनी सशांना बेंझिन टोचून त्यांची मज्जा नष्ट होते हे प्रयोगाने सिद्ध केले. पांढऱ्या पेशी मारणारे द्रव्य सापडले म्हटल्यावर १९१२ मध्ये हंगेरीत ल्युकेमियावर औषध म्हणून बेंझिन पाजून पाहिले गेले. कारखान्यांतून मात्र ते लवकर हटले नाही. अमेरिकेत ॲलिस हॅमिल्टन यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे लिहिले, तरी १९७० च्या दशकात इस्तंबूलच्या लहानशा, कोंदट कारखान्यांत चपला-बूट चिकटवणाऱ्या कामगारांमध्ये मुझफ्फर अक्सॉय यांना हाच आजार आणि त्याच्या जोडीला ल्युकेमिया दिसत होता. विज्ञानाला जे १८९७ मध्ये कळले होते ते कामगारांपर्यंत पोहोचायला पाऊणशे वर्षे लागली, आणि या दिरंगाईचे समर्थन होऊ शकत नाही.

दुसरा गुन्हेगार किरणोत्सर्ग. ४ जुलै १९३४ रोजी फ्रान्समधील सांसेलमोझ आरोग्यधामात मेरी क्यूरी यांचा मृत्यू झाला तो याच आजाराने. मज्जेने प्रतिसाद दिला नाही, बहुधा दीर्घकाळ साचत गेलेल्या किरणांच्या माऱ्यामुळे, असे तिथल्या डॉक्टरांनी नोंदवले. रेडियमला दोष देण्याची रीत पडली खरी, पण १९९५ मध्ये त्यांचे अवशेष पॅरिसच्या पांथेऑनमध्ये हलवताना तपासणी झाली तेव्हा वेगळाच निष्कर्ष निघाला. पहिल्या महायुद्धात मोटारीत बसवलेली क्ष-किरण यंत्रे घेऊन त्या आघाडीवर जखमी सैनिकांचे फोटो काढत असत. आडोसा न घेता केलेल्या त्या कामाचा वाटा मोठा असावा, असे तज्ज्ञांचे मत पडले.

तिसरा गुन्हेगार औषध होते, आणि त्याची कहाणी भारतीय वाचकाला जवळची आहे. १९४७ मध्ये व्हेनेझुएलातील काराकासजवळच्या मातीतल्या जंतूपासून क्लोरॅम्फेनिकॉल मिळाले. पुढच्या वर्षी क्वालालंपूरमध्ये अमेरिकी डॉक्टरांचे पथक ते स्क्रब टायफसवर तपासून पाहत असताना त्या समजुतीने औषध दिलेला एक रुग्ण विषमज्वराचा निघाला, आणि तो बरा झाला. तीन-तीन आठवडे घरात मुक्काम ठोकणारा आणि दहातल्या एखाद्याला घेऊनच जाणारा विषमज्वर काही दिवसांत उतरू लागला. १९४९ मध्ये डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस कंपनीने ‘क्लोरोमायसेटिन’ नावाने ते बाजारात आणले. आपल्याकडे टायफॉइड म्हटले की हीच कॅप्सूल, असे समीकरण अनेक वर्षे होते आणि या औषधाने भारतात असंख्य जीव वाचवले, हे आधी सांगितले पाहिजे.

अमेरिकेत मात्र ते घसादुखीला, सर्दीला, मुरुमांनासुद्धा दिले जाऊ लागले. १९५० पासून मृत्यूंच्या बातम्या येऊ लागल्या. या औषधाचे मज्जेवर दोन परिणाम होतात. एक मात्रेवर अवलंबून असतो. औषध थांबवले की मज्जा पूर्ववत होते. दुसरा परिणाम मात्रेशी संबंधित नाही. कोर्स संपून आठवडे, कधी महिने उलटल्यावर, बरे होऊन शाळेत जाऊ लागलेल्या मुलाच्या अंगावर डाग उठू लागतात आणि मज्जा परत येत नाही. कॅलिफोर्नियातील एका डॉक्टरचा स्वतःचा मुलगा १९५२ मध्ये असाच गेला. ते औषध त्याला वडिलांनीच दिले होते. या गृहस्थांनी नंतर देशभर फिरून डॉक्टरांकडून अशा मृत्यूंची माहिती गोळा केली आणि सरकारदरबारी मांडली. त्याच वर्षी औषधाच्या वेष्टनावर इशारा छापणे सक्तीचे झाले. विक्री घसरली, पण काही वर्षांत पुन्हा चढली. शेवटी १९६७-६८ मध्ये सेनेटर गेलॉर्ड नेल्सन यांच्या समितीपुढे जाहीर सुनावणी झाली, वर्तमानपत्रांतून लोकांना सगळे कळले आणि मगच खप खऱ्या अर्थाने कोसळला. १९६९ च्या कॅलिफोर्नियातील अभ्यासानुसार साधारण २५ ते ४० हजार रुग्णांमागे एकाचा असा मृत्यू होत होता. विषमज्वराने मरणाऱ्याला हा धोका पत्करणे शहाणपणाचे होते. सर्दीसाठी तो अक्षम्य होता.

या तीन गुन्हेगारांनी एक समजूत इतकी पक्की केली की ती मोडायला फार वेळ लागला: मज्जा विषाने मेली, आणि मेलेली मज्जा जिवंत होत नाही. अडचण अशी होती की बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत कोणतेच विष सापडत नसे. शेतकरी, शाळकरी मुले, गृहिणी यांची खोदून चौकशी करूनही कारण हाती लागत नसे. काहींना आधी कावीळ झालेली असे. यकृताचा दाह ओसरल्यावर दोन-तीन महिन्यांनी मज्जा बंद पडते ही गोष्ट १९५५ मध्ये नोंदली गेली. पण तिचाही अर्थ तेव्हा लागला नाही.

उपचार म्हणजे रक्त चढवत राहणे. १९६० मध्ये अमेरिकेच्या माजी अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना ॲप्लास्टिक ॲनिमियाचे निदान झाले. त्यांना रक्त दिले गेले, पुढे प्रेडनिसोन हे स्टेरॉइड सुरू झाले. तरुणपणी होऊन गेलेला, शरीरात दबून राहिलेला क्षय स्टेरॉइडमुळे उसळला आणि सर्वांगात, मज्जेतही पसरला. ७ नोव्हेंबर १९६२ रोजी त्या गेल्या. जगातले उत्तम डॉक्टर हाताशी असलेल्या बाईंची ही गत, तर इतरांचे काय होत असेल याची कल्पना येते. तीव्र आजाराचे बहुतेक रुग्ण त्या काळात वर्ष-दोन वर्षांत मरत असत.

दुसऱ्याची मज्जा देऊन पाहावी ही कल्पना जुनी होती. १९३९ मध्ये सोन्याच्या औषधाने मज्जा गेलेल्या एका स्त्रीला तिच्या भावाची थोडी मज्जा शिरेतून देण्यात आली. उपयोग झाला नाही. कल्पनेला बळ आले ते हिरोशिमा आणि नागासाकीनंतर. अणुबाँबमधून वाचलेली माणसे काही आठवड्यांनी मज्जा निकामी होऊन मरत होती आणि त्यावर उपाय शोधण्यासाठी अमेरिकेत पैसा व प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. १९४९ मध्ये शिकागोचे लिऑन जेकबसन यांना दिसले की किरणांच्या मारक मात्रेतही उंदराची प्लीहा शिशाने झाकली तर उंदीर जगतो. दोन वर्षांत एगॉन लॉरेन्झ यांनी मज्जेचे इंजेक्शन देऊन हेच साधले. १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये युगोस्लाव्हियातील व्हिंचा अणुभट्टीत अपघात होऊन सहा जण किरणांत सापडले. त्यांना पॅरिसला आणून झॉर्झ माते यांनी पाच जणांना अनोळखी फ्रेंच दात्यांची मज्जा दिली. सहांपैकी एक दगावला. रक्ताचे नाते नसलेल्या, दुसऱ्या देशातल्या माणसांसाठी या दात्यांनी हाडात सुया टोचून घेतल्या. अशी उदारता तेव्हा नवी होती.

पण रोगी माणसांत प्रत्यारोपण सतत अपयशी ठरत होते. एकतर नवी मज्जा नाकारली जाई, किंवा ती रुजली तर तिच्यातल्या पेशी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर तुटून पडत. १९६० च्या दशकात बहुतेक संशोधकांनी नाद सोडला. अमेरिकेतील डोनाल थॉमस यांनी सोडला नाही. ते न्यूयॉर्क राज्यातील कूपरस्टाउन या गावात आणि नंतर सिएटलमध्ये कुत्र्यांवर प्रयोग करत राहिले. एकाच वेताच्या पिल्लांत कोणाची मज्जा कोणाला चालते हे त्यांच्या गटाने तपासले. तोवर पॅरिसच्या झाँ दोसे यांनी १९५८ मध्ये शोधलेल्या एचएलए या ऊतींच्या खुणांची ओळख पटत गेली होती, आणि १९६१ मध्ये टोरांटोच्या जेम्स टिल व अर्नेस्ट मॅककलक यांनी एकाच मूळपेशीपासून सगळ्या रक्तपेशी निपजतात हे उंदरांत दाखवले होते. १९७२ मध्ये थॉमस, रेनर स्टॉर्ब आणि सहकाऱ्यांनी एचएलए जुळणाऱ्या भावंडांची मज्जा देऊन ॲप्लास्टिक ॲनिमियाच्या चार रुग्णांवर केलेल्या उपचारांचा वृत्तांत छापला. मरणाच्या दारातून माणसे परत येऊ शकतात हे त्यातून दिसले. थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

या आजाराच्या आकलनात खरी कलाटणी मात्र प्रत्यारोपणाच्या अपयशातून आली. रक्तविकारतज्ज्ञांचा जुना वाद होता की दोष बियाण्यात आहे की जमिनीत, म्हणजे मूळपेशी संपल्या आहेत की हाडातली जागाच नापीक झाली आहे. जुळ्या भावंडांनी याचे उत्तर दिले. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार झाला तर दुसऱ्याची मज्जा नाकारली जाण्याचा प्रश्नच नसतो, म्हणून काही रुग्णांना कोणतीही पूर्वतयारी न करता नुसती मज्जा दिली गेली. साधारण निम्मे रुग्ण बरे झाले. म्हणजे जमीन चांगली होती. पण उरलेल्यांत तेच बियाणे उगवेना. त्यांना आधी सायक्लोफॉस्फामाइड हे प्रतिकारशक्ती दडपणारे जबर औषध द्यावे लागले आणि मग तीच मज्जा रुजली. तेव्हा या रुग्णांच्या शरीरात असे काहीतरी होते जे मूळपेशींना जगू देत नव्हते.

दुसरा पुरावा माते यांच्या हाती लागला. प्रत्यारोपण नाकारले जाऊ नये म्हणून ते रुग्णांना आधी लिम्फोसाइटविरोधी द्रव देत. १९७० मध्ये त्यांनी नोंदवले की काही रुग्णांत दात्याची मज्जा रुजली नाही, तरीही रुग्ण सुधारले, कारण त्यांची स्वतःचीच मज्जा परत आली होती. जी मेली असे सगळे धरून चालले होते ती जिवंत होती, दबलेली होती. बाझेलचे ब्रुनो स्पेक, पॅरिसच्या एलियान ग्लुकमान आणि लायडनमधील सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये हा धागा पुढे नेला आणि प्रत्यारोपणाशिवायही या द्रवाने रुग्ण बरे होतात हे दाखवले. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत नील यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यामागची यंत्रणा उलगडली. रुग्णाच्या स्वतःच्या टी-लिम्फोसाइट मूळपेशींवर हल्ला चढवतात आणि इंटरफेरॉन गॅमासारखी द्रव्ये सोडून त्यांना संपवतात. एर्लिखने पाहिलेली पिवळी मज्जा बहुधा अशाच हल्ल्याची उरलेली खूण होती. या नव्या समजुतीने काविळीनंतरच्या आजारालाही अर्थ आला: यकृतातल्या दाहाने चवताळलेल्या पेशी पुढे मज्जेकडे वळतात.

त्या लिम्फोसाइटविरोधी द्रवाला आज एटीजी म्हणतात. माणसाच्या थायमस ग्रंथीतल्या पेशी घोड्याला टोचतात, घोड्याच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि ती शुद्ध करून औषध बनते. पिंपरीला हाफकिनचे घोडे सर्पविषावरचा उतारा पुरवतात तो याच तत्त्वावर. औषध चार दिवस, तासन्‌तास चालणाऱ्या सलाइनमधून देतात. पहिल्या दिवशी थंडी वाजून हुडहुडी भरते. दहा-बारा दिवसांनी सांधे धरतात, अंगावर पित्तासारखे उठते. रुग्ण आणि घरचे घाबरतात, पण हे अपेक्षित असते आणि स्टेरॉइडने आवरते. गुण यायला तीन ते सहा महिने लागतात. एवढे दिवस रक्त, प्लेटलेट आणि प्रतिजैविकांच्या आधारावर काढावे लागतात, आणि घरच्यांचा धीर याच काळात सुटतो.

१९९१ मध्ये जर्मन संशोधकांनी एटीजीला सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधाची जोड दिली, आणि सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण सुधारू लागले. पुढे घोड्याऐवजी सशापासून बनवलेले, प्रयोगशाळेत अधिक प्रभावी वाटणारे एटीजी आले. युरोपात आणि जपानमध्ये घोड्याचे औषध बाजारातून गेल्यामुळे तेच वापरले जाऊ लागले. २०११ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तुलनात्मक चाचणीचा निकाल लागला तेव्हा सहा महिन्यांनंतर घोड्याच्या औषधाला ६८ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला होता, सशाच्या औषधाला ३७ टक्क्यांनी. जुने औषध दुपटीच्या आसपास सरस निघाले. भारताच्या दृष्टीने हे महत्त्वाचे ठरले, कारण मुंबईच्या भारत सीरम्स या कंपनीचे घोड्यापासूनचे एटीजी इथल्या रुग्णालयांत वापरात होते.

यानंतरची भर एलट्रोम्बोपॅगची. प्लेटलेट वाढवण्यासाठी बनवलेली ही गोळी. एटीजीला दाद न दिलेल्या रुग्णांत ती देऊन पाहिली तर काहींच्या तिन्ही प्रकारच्या पेशी वाढल्या, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. उरल्यासुरल्या मूळपेशींना थेट चालना मिळते, असा त्याचा अर्थ. २०२२ मध्ये युरोपातील मोठ्या चाचणीने सुरुवातीपासूनच एटीजी, सायक्लोस्पोरिन आणि एलट्रोम्बोपॅग एकत्र देणे अधिक फायद्याचे असल्याचे दाखवले. तरी ही पूर्ण मुक्तता नव्हे. काहींचा आजार उलटतो, आणि काहींच्या मज्जेत वर्षांनंतर सदोष पेशींची वेगळी पैदास वाढून ल्युकेमियाकडे वाटचाल होते. म्हणून बरे वाटले तरी तपासण्या सोडता येत नाहीत.

काही मुलांत दोष जन्मापासूनच असतो, आणि ते ओळखणे जीवनमरणाचे ठरते. १९२७ मध्ये झुरिकचे बालरोगतज्ज्ञ गुइदो फांकोनी यांनी तीन सख्ख्या भावांचे वर्णन केले: रक्त कमी, उंची खुंटलेली, त्वचेवर काळसर डाग. अनेक मुलांत अंगठा वेडावाकडा किंवा नसलेला असतो. फांकोनी ॲनिमियात डीएनएची दुरुस्ती करणारी जनुके बिघडलेली असतात. अशी वीसहून अधिक जनुके सापडली आहेत. या मुलांना एटीजीचा उपयोग होत नाही, आणि प्रत्यारोपणापूर्वीच्या औषधाची नेहमीची मात्रा दिली तर मूल त्या औषधानेच मरते. ग्लुकमान यांनी मात्रा मोठ्या प्रमाणात कमी केली, आणि १९८८ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या सें-लुई रुग्णालयात त्यांनी अशाच एका अमेरिकी मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेचे रक्त दिले. नाळेतल्या रक्तातून झालेले जगातले हे पहिले यशस्वी प्रत्यारोपण. एरवी टाकून दिले जाणारे ते रक्त त्या दिवसापासून औषध झाले. पुढे २००१ ते २००५ या काळात गुणसूत्रांच्या टोकांची राखण करणाऱ्या टेलोमिअर जनुकांचे दोषही सापडले. मज्जा, फुप्फुस आणि यकृत यांचे विकार एकाच घराण्यात का आढळतात याचा उलगडा त्यातून झाला. म्हणून लहान मुलाला किंवा तरुणाला हा आजार झाला की भावंडांचीही तपासणी करतात, नाहीतर तोच दोष असलेला भाऊ दाता म्हणून निवडला जाण्याची भीती असते.

भारतात पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण २० मार्च १९८३ रोजी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे चाकाच्या खुर्चीवरून काम करणारे डॉ. सुरेश अडवाणी यांनी ते केले. ते सिएटलला थॉमस यांच्याकडे शिकून आले होते. ती रुग्ण ल्युकेमियाची होती, दाता तिचा भाऊ. १९८६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात प्रत्यारोपणे सुरू झाली आणि ॲप्लास्टिक ॲनिमियाच्या भारतीय रुग्णांनाही हा मार्ग खुला झाला. युरोपात हा आजार दर दहा लाखांत वर्षाला सुमारे दोघांना होतो. थायलंडमधील काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासात तो दोन ते तीन पट आढळला. तिथे कीटकनाशकांशी संबंध आणि ग्रामीण भागातील पाणी यांचा संशय बळावला. आशियात आजार जास्त का, याचे उत्तर शोधणे आशियातल्या संशोधकांचेच काम आहे.

आज चाळिशीच्या आतल्या तीव्र रुग्णाला जुळणारे भावंड असेल तर प्रत्यारोपण हा पहिला पर्याय मानतात, आणि अशा तरुण रुग्णांपैकी ८० ते ९० टक्के वाचतात. भावंड जुळण्याची शक्यता मात्र चारांत एक, आणि घरे लहान होत गेली तशी ती आणखी रोडावली आहे. इथे नातेवाइकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. रक्त हवे म्हटले की भाऊ, बहीण, आई, वडील आधी हात पुढे करतात, ते प्रेमापोटीच. पण होणाऱ्या दात्याचे किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यातल्या माणसाचे रक्त आधीच चढवले तर शरीर त्याच्या खुणा ओळखून ठेवते आणि पुढे त्याची मज्जा नाकारण्याचा धोका वाढतो. सिएटलच्या गटाने हे सत्तरच्या दशकातच दाखवले आहे. घरच्यांनी रक्तपेढीत रक्त द्यावे, पण ते इतरांसाठी. रुग्णाला पांढऱ्या पेशी काढलेले, किरण दिलेले, नात्याबाहेरचे रक्त मिळेल असे पाहावे.

भावंड न जुळणाऱ्यांसाठी अनोळखी दाता हाच आधार, आणि एचएलएची जुळणी आपल्या समाजातच सापडण्याची शक्यता सर्वाधिक असते. २००९ पासून चेन्नईत दात्री ही संस्था अशा दात्यांची नोंद ठेवते. १८ ते ५० वयाच्या निरोगी माणसाला गालाच्या आतून बोळा फिरवून नाव नोंदवता येते. जुळणी निघाली तर या आजारासाठी बहुधा भूल देऊन कंबरेच्या मागच्या हाडातून मज्जा काढतात. दात्याला काही दिवस तिथे दुखते आणि काढलेली मज्जा थोड्या आठवड्यांत भरून येते. महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या तरुणांनी ही नोंदणी करावी, आणि बोलावणे आले तर मागे फिरू नये.